चोविसावा पास

मी मिलिंग मशीन बोलतेय. कॉम्प्युटरच्या सांगण्यावरून पोलाद कोरणारी, बिडाच्या जड अंगाची, समोर काचेचं सरकतं दार असलेली. आयुष्यभर माझ्याशी माणसंच बोलली. कुणी थोपटून, कुणी शिव्या घालून, कुणी आपलं घरचं रडगाणं सांगून. मी जिवाच्या आकांताने बोलले ते एकदाच, आणि ज्यांच्यासाठी बोलले त्यांना ते ऐकूच आलं नाही. ती हकीकत मनात फार दिवस घोळते आहे. आज सांगून टाकते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. आधी माझं अंग ओतलं, मग कित्येक महिने उघड्यावर ऊन-वारा खात नुसतं पडू दिलं, म्हणजे पुढे ते वाकडंतिकडं होऊ नये. मग माझ्या सरकत्या पट्ट्या दोन म्हाताऱ्या कारागिरांनी हाताने खरवडून सपाट केल्या. त्यांतला एक सारखा म्हणायचा, "हिला घाईच्या माणसाकडे पाठवू नका रे." त्याचं कोण ऐकतं? लाकडी खोक्यात बंद होऊन मी निघाले आणि एका लहानशा वर्कशॉपच्या शटरसमोर उतरले.

आत दोन लेथ होते, एक ड्रिल, कोपऱ्यात वेल्डिंग आणि मालकांची काचेची केबिन. माझ्यापासून चार पावलांवर मोजमापाचं टेबल, त्यावर काळा गुळगुळीत दगड. मला उजव्या भिंतीशी उभं केलं. खोक्यातून काढताना माझ्या कडेचा रंग खरवडला गेला होता. पन्नाशीचा एक माणूस पुढे आला, त्याने त्या ओरखड्यावरून अंगठा फिरवला आणि हमालांना म्हणाला, "नवरीला आणताना असं दाराला घासतात होय?" दुसऱ्या दिवशी त्याने कुठूनतरी नेमका तोच हिरवट रंग मिळवून तो ओरखडा बुजवला.

हे आमचे वस्ताद. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात असेल, हाक मारताना ते कुणी वापरलं नाही. मालक आणि ते एकाच वयाचे, एकाच जुन्या कारखान्यातून बाहेर पडलेले. मालकांनी शटर भाड्याने घेतलं, वस्तादांनी त्याला हात दिले. त्यांची सगळी उमर हाताने चाक फिरवायच्या मशीनवर गेलेली. माझा पडदा आणि बटणं बघून पहिले आठ दिवस ते माझ्याकडे रुसल्यासारखे बघायचे. मग माझं जाडजूड पुस्तक घरी नेलं, शब्दकोश शेजारी घेऊन महिनाभर वाचलं, आणि परत आले ते मला माझ्यापेक्षा जास्त ओळखूनच.

आता माझं काम थोडक्यात सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. समजा पोलादाच्या ठोकळ्यात साठ मिलिमीटर खोल चौकोनी कप्पा कोरायचा आहे. कटर एकदम साठ मिलिमीटर आत खुपसला तर तो मोडणारच. म्हणून दोन मिलिमीटर खाली उतरायचं, तेवढा थर सगळीकडून कापून काढायचा, वर यायचं, पुन्हा दोन मिलिमीटर उतरायचं. विहीर खणतात तसं. एक थर म्हणजे एक पास. असे तीस पास झाले की कप्पा तयार. पण कप्पा खोल होत जातो तसा कटरला जास्त लांब लोंबावं लागतं, आणि लांब कटर थरथरतो. वरच्या पासाला जे सहज जमतं ते तळाशी जमत नाही. तिथे थर तरी पातळ घ्यावा लागतो, नाहीतर चाल तरी हळू करावी लागते.

हे शहाणपण प्रोग्राममध्ये लिहून ठेवता येतं. वस्ताद ते लिहीत नसत. सगळे पास सारखे, दोन-दोन मिलिमीटरचे लिहायचे आणि माझ्याशेजारी उभं राहायचं. मी कोपऱ्यावर किंचित जरी चिरकले, की त्यांचा हात आपोआप चालीच्या नॉबकडे जाई. ते लेथवाल्याशी गप्पा मारत शटरबाहेर उभे असले तरी मधेच म्हणत, "थांब, ती बोलावतेय," आणि येऊन नॉब दोन खुणा मागे फिरवत. मी लगेच शांत होई. एकदा मालक म्हणाले, "वस्ताद, हे सगळं प्रोग्राममध्येच घाला ना." तर म्हणाले, "कान असताना कागद कशाला?"

अशी पुष्कळ वर्षं गेली. मला ती सुखाची वाटतात.

मग वस्तादांची बायको गेली. महिनाभर ते आले नाहीत. आले तेव्हा त्यांच्यासोबत त्यांची सून होती. मुलगा जहाजावर नोकरीला, वर्षातले आठ महिने समुद्रात. घरात सासरा आणि सून, दोघंच. वस्ताद मालकांना म्हणाले, "दोघांनी दोन भिंतींकडे बघत बसायचं, त्यापेक्षा हिला इकडे आणली. ड्रॉइंग काढायला शिकलेली आहे. बघू, हात चालतो का."

हात उत्तम चालला. पहिल्या दिवशी तिने वाढलेली नखं आणि हातातल्या बांगड्या दोन्ही घरी ठेवून यायचं कबूल केलं. वर्षभरात ती ठोकळा बांधायला, कटर लावायला, शून्य घ्यायला, म्हणजे मोजणं कुठून सुरू करायचं ते मला दाखवायला शिकली. ती त्यांना बाबा म्हणे, ते तिला पोरी म्हणत, आणि बाकी सगळ्यांची ती वहिनी झाली. वस्ताद तिला माझ्या दाराला कान लावायला सांगत. "हा आवाज ऐक. आता कापतेय. हा ऐक, आता घासतेय. फरक कळला?" ती डोळे मिटून ऐके. हळूहळू तिला कळायला लागलं. इतकं कळायला लागलं की तिच्याच पहिल्यांदा दुसरी एक गोष्ट लक्षात आली.

वस्तादांना ऐकू कमी यायला लागलं होतं.

खरं तर मला ते तिच्याही आधी समजलं होतं. मी कोपऱ्यावर चिरके आणि त्यांचा हात एक पास उशिरा येई. पुढे दोन पास उशिरा. मग ते बोलताबोलता माझ्या अंगावर तळवा टेकवून उभे राहायला लागले. लोकांना वाटे, म्हातारपणी टेकायला जागा हवी. ते तळव्याने ऐकत होते.

वर्कशॉपात त्याच्या गमती व्हायला लागल्या. वेल्डर विचारी, "वस्ताद, चहा सांगू की कॉफी?" वस्ताद म्हणत, "हो, हो." लेथवाला म्हणे, "वस्ताद हल्ली कशालाच नाही म्हणत नाहीत. स्वभाव किती मऊ झालाय!" सगळे हसत. वस्तादही हसत, कारण सगळे हसत होते.

सून हसत नसे. एकदा दुपारी माझी सफाई करताना तिने विषय काढलाच.

"बाबा, शेजारच्या काकू सांगत होत्या, तुमच्याकडे बातम्या लागल्या की आम्हाला आमचा टीव्ही लावावाच लागत नाही म्हणून."

"मग बरंच आहे की. वीज वाचते त्यांची."

"कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन येऊया का एकदा?"

वस्तादांनी हातातलं फडकं घडी करून ठेवलं. "पोरी, या हातांना आणि या कानांना वर्कशॉपात मान आहे. कानात बटण खोचून मी इथे उभा राहिलो, तर उद्यापासून हे लोक माझ्याशी मोठ्याने बोलतील. लहान मुलाशी बोलतात तसं. ते नको मला."

"मग निदान खालचे पास प्रोग्राममध्ये पातळ करूया. चाळीसच्या खाली दीड, पन्नासच्या खाली एक. मी लिहून देते."

"म्हणजे माझ्यावर भरवसा नाही."

"तसं नाही हो, बाबा."

"मग कसं?" एवढं बोलून ते माझ्यामागे तेल बघायला गेले. तेल काठोकाठ भरलेलं होतं. मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं.

त्याच सुमाराला पाणीपुरवठ्याचं काम आलं. शहराच्या टेकडीवरच्या वस्तीला पाणी चढवणारा जुना पंप होता. त्याचं घर, म्हणजे ज्यात त्याचे दाते फिरतात ते पोलादी आवरण, तडकलं होतं. बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. नवीन ठोकळा खास घडवून मागवावा लागला, तो यायला दोन महिने गेले. तोवर टेकडीवर एक दिवसाआड पाणी. त्या ठोकळ्यात साठ मिलिमीटर खोल कप्पा कोरायचा होता. पाणीपुरवठ्याचे साहेब स्वतः ठोकळ्याबरोबर आले, आणि मालकांनी त्यांना सांगितलं, "निर्धास्त राहा. वस्ताद आहेत."

ठोकळा बांधायच्या आदल्या दिवशी एक छोटासा प्रसंग घडला. दुसरंच कुठलं तरी काम माझ्यावर चालू होतं. वस्ताद पाठ करून कटर निवडत होते. मी चिरकायला लागले. सून धावली आणि तिने लाल बटण दाबून मला थांबवलं. काम वाचलं. पण लेथवाल्याने पाहिलं आणि तिकडून ओरडला, "वस्ताद, वहिनींनी ब्रेक मारला! आता गाडी वहिनीच चालवणार म्हणायची!" वेल्डर खो खो हसला. वस्तादांनी वळून पाहिलं. मी थांबलेली, सून बटणाशी, सगळे हसताहेत. त्यांचा चेहरा कानशिलापर्यंत लाल झाला.

"मी इथे असताना माझ्या मशीनला हात लावायचा नाही," ते म्हणाले. इतक्या मोठ्याने की केबिनमधून मालकांनी मान वर केली. "मला ऐकू येत होतं. मी वळणारच होतो. समजलं?"

"हो, बाबा," ती म्हणाली. तिचे डोळे भरले, पण तिने ते फडक्याने पुसले नाहीत. फडकं तेलाचं होतं.

लेथवाल्याने वाईट मनाने म्हटलं नव्हतं. त्याला आजही ठाऊक नाही की त्या एका वाक्याने काय केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठोकळा बांधला. वस्तादांनी प्रोग्राम चढवला. तीस पास, सगळे दोन मिलिमीटरचे. सूनबाई मोजमापाच्या टेबलाशी बसली. पाणीपुरवठ्याचे साहेब मालकांबरोबर केबिनमध्ये. मी सुरुवात केली. पहिले पंधरा पास असे गेले की मला स्वतःचा अभिमान वाटावा. चकचकीत कुरळ्या चुरीचा ढीग पडत होता. वस्ताद तळवा टेकवून उभे होते. विसाव्या पासाला त्यांनी अंदाजाने नॉब एक खूण मागे घेतला. बरोबर घेतला. बाविसाव्या पासानंतर ते टेबलाकडे गेले, कारण जुन्या आवरणाचं एक माप पुन्हा तपासायचं होतं. तिकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून, ते दगडावर वाकले. टेबल चार पावलांवर. एके काळी ते शटरबाहेरून येत असत.

तेविसाव्या पासाला मी कोपऱ्यांवर चिरकले. चोविसाव्याला अखंड ओरडायला लागले. माझ्या पडद्यावर भाराचा आकडा लाल झाला. कटर कप्प्याच्या भिंतीवर आपटत होता, प्रत्येक फेरीला जास्त. मला थांबता येत नाही. मला जे सांगितलं आहे ते करत राहणं एवढंच येतं, आणि ओरडणं. मी ओरडले. वस्ताद, वस्ताद, असं म्हणत ओरडले असं समजा हवं तर.

तो आवाज सगळ्यांनी ऐकला. लेथवाल्याने ऐकला आणि मनात म्हटलं, वस्ताद तिथेच आहेत. केबिनमध्ये साहेबांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, "असाच आवाज येतो का हो?" मालकांनी काचेतून पाहिलं. वस्ताद शांतपणे मोजत होते. "वस्ताद आहेत ना तिथे," मालक म्हणाले आणि पुन्हा कागदात बघायला लागले.

आणि सून. ती टेबलाच्या पलीकडे, वस्तादांच्या समोर बसली होती. तिला सगळं ऐकू येत होतं, सगळं कळत होतं. ती उठली. तिने वस्तादांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते भिंगातून आकडा वाचत होते, ओठ हलत होते. ती बसली. पुन्हा उठली. "बाबा," ती म्हणाली, पण हळूच, कुणाला कळू नये इतपत. त्यांना अर्थातच ऐकू आलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, लाल बटणाकडे पाहिलं, केबिनच्या काचेकडे पाहिलं. आणि ती दुसऱ्यांदा बसली.

कटर मोडला. त्याचं बूड धरणारा जाड दांडा तसाच फिरत भिंतीत घुसला आणि तिथे बोटभर खोल खाच पडली. त्या दणक्याने जमीन हादरली. ते वस्तादांना पायांतून कळलं. ते वळले.

मला बंद करून दार उघडलं तेव्हा आतून धूर येत होता. वस्ताद त्या खाचेकडे बघत राहिले. मालक आले, साहेब आले, लेथवाला, वेल्डर सगळे जमले. ठोकळा वाया गेला हे सांगायला मोजपट्टी लागत नव्हती.

"काय झालं?" मालकांनी विचारलं.

वस्तादांनी त्या खाचेवरून अंगठा फिरवला.

"माझी चूक," सून म्हणाली. "मशीन माझ्या ताब्यात होतं. बाबा मापं घेत होते. त्यांनी मला बघायला सांगितलं होतं. मला वाटलं, अजून एक पास निघेल."

धादांत खोटं. त्यांनी तिला काहीच सांगितलं नव्हतं.

मालक वस्तादांच्या अगदी समोर जाऊन उभे राहिले. "वस्ताद, खरं का हे?"

वस्तादांनी मालकांकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. मग मान हलवली आणि म्हणाले, "हो."

ते 'हो' ऐकून आलेलं होतं की नेहमीसारखं न ऐकता, हे मी पुष्कळ दिवस ठरवू शकले नाही. माझी आशा होती की त्यांना ऐकूच आलं नसावं.

त्याच संध्याकाळी सुनेला माझ्यावरून काढलं. मालक वाईट माणूस नव्हते, पण साहेबांसमोर त्यांची मान खाली गेली होती आणि टेकडीवर आणखी दोन महिने एक दिवसाआड पाणी जाणार होतं. तिला मोजमापाच्या टेबलावर बसवलं, तयार माल तपासायला. माझ्याकडे पाठ होईल अशी तिने खुर्ची वळवून घेतली.

वस्ताद एकटे माझ्यावर काम करू लागले. पण पहिली सहजता गेली. कुठलाही कप्पा असो, ते अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरचे पास लिहीत. साध्या अॅल्युमिनियमलासुद्धा. तासाभराच्या कामाला अर्धा दिवस लागे. लेथवाला म्हणाला, "वस्ताद, धातू कापताय की दाढी करताय?" ते हसले नाहीत. दोन्ही तळवे माझ्या अंगावर दाबून उभे राहायचे, जणू मी कुठे पळून जाणार आहे. मला लाज वाटायची. कुणाची ते सांगता येत नाही.

सासरा-सून सकाळी एकाच स्कूटरवर यायचे, ती चालवायची. एकाच वेळी डबा खायचे, एकाच स्कूटरवर परत जायचे. ती ताकाचा पेला पुढे सरकवायची, ते घ्यायचे. बोलणं तेवढंच, म्हणजे नाहीच. ते घरी बोलत असतील असं मला वाटायचं. एक दिवस तिचा नवरा जहाजावरून घरी आलेला असताना डबा द्यायला वर्कशॉपात आला. दोघांकडे आळीपाळीने बघत त्याने विचारलं, "तुमचं दोघांचं काही बिनसलंय का?" दोघंही एकदमच म्हणाले, "छे!" तेव्हा मला कळलं की घरीही नाही.

दुसरा ठोकळा आला. साहेबही आले. या वेळी ते केबिनमध्ये बसले नाहीत, माझ्यासमोरच उभे राहिले. मालक म्हणाले, "वस्ताद, आज तुम्ही एकट्याने करा. कुणावर सोपवू नका."

वस्तादांनी ठोकळा बांधला. कटर लावला. शून्य घेतलं. दार सरकवलं. हिरव्या बटणावर बोट ठेवलं. आणि तसेच उभे राहिले. मी वाट बघत होते. साहेबांनी घड्याळात पाहिलं. मालक म्हणाले, "काय झालं, वस्ताद?"

त्यांनी बोट काढून घेतलं.

"पोरी," त्यांनी हाक मारली. कितीतरी दिवसांनी. "इकडे ये. हे तू कर."

तिने वळून पाहिलं, पण ती उठली नाही.

"अहो, काय बोलताय? मागच्या वेळी हिनेच..." मालक म्हणाले.

"मागच्या वेळी हिने काही केलं नाही," वस्ताद म्हणाले. त्यांचा आवाज नको इतका मोठा होता, कारण आपला आवाज किती आहे हे त्यांना कळत नसे. "मशीन माझ्याच ताब्यात होतं. मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. त्या दिवशी मशीन ओरडलं ते मला ऐकू आलं नाही. हिने खोटं सांगितलं, आणि तुम्ही मला विचारलंत ते मात्र मला नीट ऐकू आलं होतं. मी हो म्हणालो. दोन महिने मी हिला तिथे पाठ करून बसू दिलं."

लेथवाल्याने मान खाली घातली आणि हातातला पाना उगाचच पुसायला लागला. मालक काही बोलायला गेले, तर वस्ताद म्हणाले, "मोठ्याने बोलू नका. समोर उभे राहा आणि सावकाश बोला, एवढं पुरे."

मालकांनी फक्त सुनेला हाताने खूण केली.

ती आली. आधी तिने प्रोग्राम काढून पुन्हा लिहिला. वरचे तीस मिलिमीटर दोनचे पास. मग दीड. पंचेचाळीसच्या खाली एक, आणि तळाचे शेवटचे पाच मिलिमीटर अर्ध्या-अर्ध्याचे, चालही कमी. लिहून झाल्यावर तिने पडदा वस्तादांकडे वळवला. त्यांनी एकेक ओळ बोटाने वाचली. शेवटी म्हणाले, "तीसच्या ऐवजी अठ्ठावीसलाच दीडवर ये. हे पोलाद जरा चिवट आहे." तिने बदललं.

सकाळी सुरू झालेलं काम चार वाजता संपलं. मी एकदाही चिरकले नाही. तळ आरशासारखा निघाला. साहेबांनी त्यात बोट फिरवून पाहिलं आणि दोघांचेही हात हातात घेतले. त्याच आठवड्यात टेकडीला रोजचं पाणी सुरू झालं.

इथेच सगळं गोड झालं असं सांगायला मला आवडलं असतं.

सगळे चहाला बाहेर गेले. ती माझ्या आतली चूर ब्रशने काढत होती. वस्ताद जवळ आले आणि तिला दिसेल असे उभे राहिले.

"एक विचारू? त्या दिवशी तुला ऐकू आलं होतं?"

ब्रश थांबला. "हो."

"पहिल्यापासून?"

"हो, बाबा. तेविसाव्या पासापासून."

"मग थांबवलं का नाहीस?"

"तुम्ही आदल्या दिवशी म्हणाला होतात, हात लावायचा नाही. आणि साहेब होते, मालक होते. सगळ्यांना कळलं असतं. मला वाटलं, तुम्ही वळाल."

वस्ताद तिच्या ओठांकडे बघत होते, शब्द संपल्यावरसुद्धा. मग म्हणाले, "मी माझी अब्रू जपायला सांगितलं, आणि तू जपलीस. चूक माझीच." ते पुढे म्हणाले, "पण पोरी, मी तुला ऐकायला शिकवलं ते काय यासाठी?"

ती रडायला लागली. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, पण तो हात मला ओळखीचा वाटला नाही. काहीतरी निसटलं होतं, ते दोघांनाही उचलता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ती एकटी स्कूटरवर यायला लागली. मालक स्वतः दोनदा त्यांच्या घरी जाऊन आले. म्हणाले, नुसते येऊन बसा, खुर्ची टाकतो. वस्तादांनी चहा पाजला आणि नको म्हणून सांगितलं. पुढे सुनेने मालकांना सांगताना मी ऐकलं की बाबांनी शेवटी कानाचं यंत्र घेतलं. टीव्हीचा आवाज कमी झाला. दोघं आता बोलतातही. बाजारहाटाचं, नातेवाइकांचं, जहाजाचं. वर्कशॉपाचा विषय निघाला की बाबा उठून गॅलरीत जातात.

तिने मला सहा वर्षं चालवलं. उत्तम चालवलं. माझ्या जरा चिरकण्यालाही ती इतकी घाबरायची की कित्येकदा काही बिघडलेलं नसताना लाल बटण दाबायची. आता तिला कुणी हसत नसे. तरी बटण दाबल्यावर ती क्षणभर टेबलाकडे बघायची, जिथे आता कुणी वाकलेलं नसायचं.

माझंही वय झालं. माझी बेअरिंगं घरघरायला लागली, मापात केसभर फरक पडायला लागला. मालकांनी नवी मशीन घेतली, भार वाढला की आपण होऊन थांबणारी. चांगली आहे. माझ्या वाट्याला हे काम शिकवणारी संस्था आली, जिथे मुलं-मुली माझ्यावर हात बसवतात. निघायच्या दिवशी सुनेने मला स्वतः पुसलं, पट्ट्यांना तेल दिलं आणि दारावर कपाळ टेकून म्हणाली, "बाबांना सांगितलंय. बघू, येतात का." दुपारपर्यंत ते आले नाहीत. मला साखळ्या बांधून ट्रकवर चढवलं.

इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच तो रस्ता पाहिला. समोरच्या फुटपाथवर एका बंद दुकानाच्या पायरीशी ते उभे होते. मला वाटायचे त्यापेक्षा पुष्कळच लहान. कानामागे काहीतरी बारीकसं. रस्ता ओलांडून ते आले नाहीत. सून शटरमध्ये उभी होती, तिनेही हाक मारली नाही. ट्रकवाल्याने हॉर्न दिला, तसे ते दचकले आणि त्यांनी झटकन मान वळवली. त्यांना ऐकू येत होतं. चांगलं ऐकू येत होतं. आणि माझ्या सगळ्या वायरी काढून गुंडाळून ठेवलेल्या होत्या. मला आवाजच नव्हता.

आता इथे रोज नवीन हात माझ्या नॉबवर येतात. त्यांना एवढंच सांगणं आहे: पोरांनो, खोल उतरताना पातळ पास घ्या. आणि मी ओरडले तर जवळ कोण उभं आहे ते बघू नका, आधी मला थांबवा. त्याला काय वाटेल ते नंतर बघता येईल. मी वाट बघेन. मला सवय आहे.